हिरव्या पडद्यापुढचे केस

काकू आमच्या क्लासमध्ये आल्या त्या चुकून. त्यांना टायपिंग आणि बिलं करायला शिकवणारा क्लास हवा होता. तो दुसऱ्या मजल्यावर होता आणि आमचा तिसऱ्या. जिन्यात दोन्ही क्लासच्या पाट्या एकाच खिळ्याला लटकत असल्यामुळे काकू एक मजला जास्त चढल्या. मी तेव्हा अकरा मुलामुलींना कंपोझिटिंग शिकवत होतो. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी घेतलेली चित्रं एकावर एक ठेवायची आणि ती एकाच कॅमेऱ्याने एका दमात टिपली असं भासवायचं, असं ते काम. पडद्यावर एक तरुणी होती. तिच्यामागचा हिरवा पडदा मी सॉफ्टवेअरने काढून टाकला होता आणि तिथे समुद्र आणून ठेवला होता.

दारातून आवाज आला, "हिचे केस असे कुणी कापले?"

वळून पाहिलं तर चाळिशी ओलांडलेली एक बाई उभी होती. खांद्याला पर्स, दोन्ही हातांत पांढरे सुती मोजे. मुलं हसली.

मी म्हणालो, "कुणी कापले नाहीत. हिरवा रंग काढताना कडेचे बारीक केस त्याच्याबरोबर जातात. थोडंफार तसं होतंच."

"थोडंफार नाही," त्या म्हणाल्या. "कानाच्या वर सगळं भादरून ठेवलंय. आणि वारा डावीकडून येतोय ना? मग उजवीकडचे केस उडालेले दिसायला हवेत. तेच नाहीत."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. ती क्लिप मी दोन वर्षं शिकवायला वापरत होतो.

त्या मागच्या बाकावर बसल्या आणि तास संपेपर्यंत हलल्या नाहीत. खालच्या मजल्यावर त्या कधी गेल्याच नाहीत.

त्यांची हकीकत मला पुढे तुकड्यातुकड्याने कळली. काही त्यांनी सांगितली, बरीचशी त्यांच्या नवऱ्याने. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक. एका खुर्चीमागे काकू आणि दुसरीमागे त्यांची धाकटी जाऊ. कापण्यात काकूंचा हात जावेपेक्षा चांगला होता आणि बोलण्यात जावेचा जिभेवर ताबा काकूंपेक्षा कमी, त्यामुळे दुकान छान चाललं होतं. एकोणीस वर्षं चाललं.

मग काकूंच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. त्यांनी साबण बदलला, पाणी बदललं, मलमं बदलली. कातडी फुटायला लागली. पुढे पुढे कात्रीच्या कडीत अंगठा जाईना. त्वचेच्या डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर बारीक चौकोनी पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. बाकीची कातडी जशीच्या तशी, एक चौकोन लालभडक. केसांच्या काळ्या रंगात जे रसायन असतं ते त्या चौकोनात होतं.

"हा रंग तुमच्या हाताला यापुढे चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मोजे घातलेत तरी फार काळ निभणार नाही."

"मग मी करू काय?"

"दुसरं काहीतरी," असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

रंग जावेकडे सोपवून नुसतं कापायचं, हेही त्यांनी दोन महिने करून पाहिलं. पण दर दुसऱ्या डोक्याला रंग लावलेलाच असायचा. शेवटी त्यांनी कात्र्या पुसल्या, तेल लावलं आणि जावेच्या खणात ठेवल्या. जाऊ म्हणाली, "ताई, आता तुम्ही आरामात बसा हो. गिऱ्हाइकांशी बोलायला तरी बसा." त्या आठवडाभर स्वतःच्या दुकानात वाट बघणाऱ्यांच्या बाकावर बसल्या. येणारी प्रत्येक जण हात कसे आहेत ते विचारायची आणि मग जावेच्या खुर्चीत जाऊन बसायची. आठव्या दिवशी त्या टायपिंगचा क्लास शोधायला बाहेर पडल्या.

आमच्याकडे पहिले दोन महिने त्यांचे हाल झाले. सुती मोज्यामुळे माऊस निसटायचा. सॉफ्टवेअरचे मेनू सगळे इंग्रजीत, आणि त्यांचं इंग्रजी दुकानातल्या बाटल्यांवरच्या मजकुराएवढं. त्यांनी एक जाड वही आणली आणि त्यात प्रत्येक गोष्टीला आपलं नाव दिलं. लेयर म्हणजे थर. मास्क म्हणजे कापण. कीफ्रेम, म्हणजे हालचाल जिथे सुरू होते किंवा बदलते ते ठिकाण, त्याला त्यांनी खूण म्हटलं. महिन्याभरात अर्धा वर्ग त्यांची वही उसनी मागायला लागला. माझ्या नोट्स कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

पण मोशन ग्राफिक्स त्यांच्या पचनी पडलं नाही ते नाहीच. एका काल्पनिक बातमीपत्रासाठी दहा सेकंदांचं शीर्षक करायचं होतं. बाकीच्यांची अक्षरं उडत, फिरत, ठिणग्या पाडत आली. काकूंची एका रांगेत, मान खाली घालून, प्रार्थनेला निघालेल्या शाळकरी पोरांसारखी आली आणि आपापल्या जागी उभी राहिली.

मी म्हणालो, "काकू, जरा उसळी हवी. अक्षराने येऊन आदळायला पाहिजे, मग किंचित मागे यायला पाहिजे."

"कशाला?"

"बघणाऱ्याचं लक्ष वेधायला."

"ते वाचायचंय ना? मग स्थिर बरं." आणि त्यांनी ते तसंच दिलं. त्या विषयात मी त्यांना जेमतेम पास केलं आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

गंमत झाली ती पुढच्या धड्यात. चालत्या माणसाला चित्रातून कापून वेगळं काढायचं होतं, तेही हिरव्या पडद्याची मदत नसताना. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि प्रत्येक चित्रात कडा हाताने जुळवायची. याला रोटो म्हणतात आणि या कामाला नाक न मुरडणारा विद्यार्थी मी तोवर पाहिला नव्हता. सगळ्यांनी माणसाभोवती एक अखंड रेघ मारली. माणूस चालायला लागला की ती रेघ उकळत्या पाण्यासारखी थरथरायची. काकूंची थरथरत नव्हती. त्यांनी डोकं वेगळं केलं होतं, मान वेगळी, दंड वेगळा, कोपरापासून पुढचा हात वेगळा, आणि प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच्या सांध्यावर फिरवला होता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? आख्खं डोकं कुणी एकदम कापतं का? आधी भाग पाडायचे, चिमटे लावायचे, मग एकेक भाग सोडायचा."

खरं म्हणजे हे मीच दुसऱ्या तासाला शिकवलं होतं, चांगला इंग्रजी शब्द वापरून. तो कुणालाच कळला नव्हता, काकूंनाही नाही.

केसांचं तर विचारूच नका. त्यांनी माझी ती जुनी क्लिप मागून घेतली. दाट केसांचा गाभा एका थरावर घेतला, कडेचे विरळ केस दुसऱ्यावर, हलक्या हाताने. जे रंगाबरोबर गेलेच होते ते ब्रशने एकेक करून परत काढले. मुलं मागे उभी राहून बघत होती. एकाने स्वतःचा प्रयत्न दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे केस नाहीत, दोरे आहेत. केस मुळाशी जाड असतो आणि टोकाला संपत जातो. तू दोन्हीकडे सारखाच ठेवलास." त्या दिवसापासून त्या केसवाल्या काकू झाल्या. कुणाचं कुठे अडलं की मुलं म्हणायची, "काकू, एक केस आली आहे तुमच्याकडे." पहिल्यांदा त्यांना तो विनोद कळला नाही. कळल्यावर त्या दर वेळी तेवढ्यापुरत्या हसायच्या.

एकदा त्यांचे यजमान त्यांना न्यायला आले. ते लिफ्ट मेकॅनिक. उंच, शांत, खिशात कायम एक टॉर्च. बायको उठेपर्यंत ते मागे खुर्ची घेऊन पडद्याकडे बघत बसले.

"यात तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काही केलेलं दिसतंय का?"

त्यांनी वाकून नीट पाहिलं. "नाही."

"मग झालं."

त्यांनी थोडा विचार केला. "बरं आहे," ते म्हणाले, "आमच्यासारखंच," आणि काकूंची पर्स उचलून दाराशी जाऊन उभे राहिले.

कोर्स संपल्यावर मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो एका स्टुडिओत इफेक्ट्सचा पर्यवेक्षक होता. जाहिराती आणि मालिकांची कामं त्यांच्याकडे यायची. मी काकूंची तारीफ केली तशी त्याने वय विचारलं. मी त्रेचाळीस सांगितलं.

"इथे सगळी पोरं बावीस-तेवीसची आहेत. सगळे त्यांना काकू म्हणतील."

"म्हणू देत. मीही म्हणतो."

त्याने परीक्षेसाठी एक शॉट दिला. स्कूटरवर बसलेली मुलगी, पंख्याच्या वाऱ्याने उडणारे केस, मागे सुरकुतलेला हिरवा पडदा, त्यावर नीट न पडलेला उजेड. कुणालाही नकोसं वाटेल असं काम. काकूंनी तीन दिवस घेतले. पर्यवेक्षकाने तो शॉट चौपट मोठा करून पाहिला, मग आठपट. मग म्हणाला, "सोमवारपासून या."

पहिल्या सोमवारी त्यांनी मॉनिटर दोन खोक्यांवर चढवला आणि उभं राहून काम करायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांची सवय, त्यांना बसून हाताला वळण येईना. शेजारच्या पोरांना वाटलं यांना पाठदुखी आहे. वर्षभरात त्यांच्याकडे केसांचे सगळे शॉट जायला लागले. वाऱ्यातले, पाण्यातले, पाठीमागे सूर्य असलेले. हातही एव्हाना बरे झाले होते. मोजे फक्त बाहेर जाताना घालायच्या.

पुढचं जे झालं ते मला काकूंकडूनही कळलं आणि पर्यवेक्षकाकडूनही. दोघांचं सांगणं जुळतं.

स्टुडिओकडे शाम्पूची एक जाहिरात आली. सव्वीस-सत्तावीसची मॉडेल, कमरेपर्यंत केस. ती मान झटकून मागे वळते आणि केस हवेत पसरतात, असा मुख्य शॉट. केस आहेत त्याहून दीडपट दाट करायचे, हे काकूंचं काम. त्या एकेक फ्रेम पुढे जात होत्या. मान झटकली गेली तिथे उजव्या कानामागे केस क्षणभर उचलले गेले होते आणि खाली नाण्याएवढी गुळगुळीत पांढरी जागा दिसत होती. अकरा फ्रेममध्ये. म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी.

काकूंनी ती ओळखली. चाई. डोक्यावर एका जागचे केस गोलाकार गळून जातात ती. दोन महिन्यांपूर्वी त्याच मॉडेलची आधीची जाहिरात याच स्टुडिओत झाली होती. तिचे शॉट त्यांनी काढून बघितले. तिथेही एका ठिकाणी ती जागा सापडली, तेव्हा वाटाण्याएवढी होती.

त्यांनी पर्यवेक्षकाला बोलावलं.

"मिटवा," तो म्हणाला.

"मिटवते. पण हे तिला माहीत आहे का? मागच्या बाजूला आहे, आरशात दिसत नाही. चाई पहिल्यांदा दिसते ती केस कापणारीला. मी कितीतरी जणींना सांगितलंय."

"काकू, आपल्याकडे आलेला शॉट बाहेर जात नाही. तुम्ही सही केली आहे."

"माझी सही शॉटबद्दल आहे. तिच्या डोक्याबद्दल नाही."

तो हसला. "तुम्ही मिटवा फक्त."

त्यांनी अर्धा दिवस घेऊन ती जागा मिटवली. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शूटिंगवर केस सेट करणाऱ्या माणसाला फोन केला. त्याची त्यांची ओळख दहा वर्षांची होती. दोघं कात्र्या आणि कंगवे एकाच दुकानातून घ्यायचे. "तिला एकटीला गाठ आणि हळूच सांग," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवून घे म्हणावं. दुसऱ्या कुणाच्या कानावर जाता कामा नये." तो बरं म्हणाला.

त्याला एक अडचण होती, ती काकूंना ठाऊक नव्हती. गरम चिमट्याने मॉडेलचे केस तुटतात म्हणून निर्मितीवाल्या बाईंनी त्याला आधीच दोनदा फैलावर घेतलं होतं. त्याला हे आयतंच मिळालं. तो मॉडेलकडे गेलाच नाही, सरळ बाईंकडे गेला आणि म्हणाला, "बघा, माझ्या चिमट्याचा दोष नाही. चाई आहे ती." संध्याकाळपर्यंत जाहिरात संस्थेला कळलं आणि दुसऱ्या दिवशी शाम्पूच्या कंपनीला. चालू जाहिरात तशीच दाखवली गेली. पुढच्या दोन तिच्याशी तोंडी ठरल्या होत्या, त्या दुसऱ्या मुलीला गेल्या.

स्टुडिओला खरमरीत पत्र आलं. पर्यवेक्षकाने त्याच्या हाताखालच्या नऊही जणांना खोलीत बोलावलं आणि पत्र वाचायला घेतलं. तो दुसऱ्या ओळीवर असतानाच काकू म्हणाल्या, "मी सांगितलं. बाकी कुणाचा संबंध नाही."

त्यांना काढून टाकावं असं मालकांचं म्हणणं होतं. पर्यवेक्षकाने मध्ये पडून ते तीन महिन्यांच्या शिक्षेवर आणलं. कुणाही माणसाचा चेहरा असलेला शॉट त्यांना द्यायचा नाही. तीन महिने काकूंनी दृश्यांतल्या विजेच्या तारा खोडल्या, इमारतींवरच्या पाट्या खोडल्या, भिंगावरच्या धुळीचे ठिपके खोडले. त्या राजीनामा देतील असं सगळ्यांना वाटत होतं. त्या रोज साडेनऊला येत राहिल्या.

त्या दिवसांत त्या एकदा माझ्या क्लासवर आल्या. मुलं गेली होती. मागच्या बाकावर बसून म्हणाल्या, "सर, माझं चुकलं का?"

"तुमचा हेतू चांगला होता."

"ते मी विचारलं नाही."

मग मी म्हणालो, "ज्याला सांगितलंत तो माणूस चुकीचा निघाला."

"माणूस मीच निवडला होता," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने उठून गेल्या.

महिन्याभराने मॉडेल त्यांच्या घरी आली. केस सेट करणाऱ्याला खोदून खोदून विचारून तिने पत्ता मिळवला होता. सुट्टीचा वार होता, दुपारचे चार वाजले असतील. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकूंचे यजमान दाराची बिजागरी काढून बसले होते. त्यांनीच मला हे सांगितलं आणि पदरचं काही घालायचा त्यांचा स्वभाव नाही.

जावेने तिला लगेच ओळखलं. कोपऱ्यावरच्या फलकावर ती रोज दिसायची. जाऊ कंगवा हातात धरून नुसती उभी राहिली.

"केसवाल्या काकू कोण तुमच्यातल्या?" मुलीने विचारलं.

काकू आतून आल्या. "मी."

"तुम्हाला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?" मुलीचा आवाज चढलेला नव्हता. "चार महिने मी औषध घेतेय. दर महिन्याला डोक्यात सुया टोचून घेते. आईशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं. शूटिंगच्या आधी कानामागचे केस मी स्वतः चिमटे लावून बसवायचे आणि तिथे कुणाला हात लावू द्यायचे नाही, म्हणून कुणाला कळत नव्हतं."

"मला वाटलं, मागे आहे तर तुम्हाला दिसत नसेल."

"दिसायला कशाला पाहिजे? हाताला लागतं ना मला. रोज सकाळी उठल्याबरोबर."

काकू म्हणाल्या, "हे माझ्या डोक्यात आलंच नाही. चुकलं माझं. तुमचं काम गेलं ते मला परत आणून देता येणार नाही."

मुलगी बहुधा भांडायच्या तयारीने आली होती आणि समोरून भांडण येत नव्हतं. ती दमल्यासारखी दुसऱ्या खुर्चीत बसली. काकूंच्या जुन्या खुर्चीत. जाऊ पाणी घेऊन आली आणि काही न बोलता ठेवून गेली. यजमान म्हणतात, लग्न होऊन या घरात आल्यापासून धाकटीला गप्प राहिलेलं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पाणी प्यायल्यावर मुलगी आरशात बघत म्हणाली, "आता बघा तरी. तीन आठवडे मी कुणाला हात लावू दिला नाही. आईला बघून नीट सांगता येत नाही, ती रडायलाच लागते."

"केसांना रंग लावलाय?"

"नाही. डॉक्टरांनी बंद केलाय."

काकूंनी हात धुतले, पुसले. जावेच्या खणातून शेपटीचा कंगवा घेतला. वरचे केस तीन भागांत वळून चिमटे लावले आणि कानामागची जागा मोकळी केली. खिडकीकडे डोकं वळवून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. तेवढ्या वेळात यजमानांची बिजागरी बसवून झाली.

"कडेला नवे तुटके केस दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाढायची थांबली असावी. मध्ये लव आली आहे. पांढरी आहे."

"पांढरी?"

"आधी पांढरेच येतात. मग रंग धरतात. मी सात-आठ जणींचे बघितलेत. एकीचे शेवटपर्यंत पांढरेच राहिले."

मुलीने मान हलवली. मग स्वतःचा फोन मागे धरून दिला. काकूंनी त्यावरच फोटो काढला, तिच्या हातात दिला आणि चिमटे काढले. मुलीने फोटो मोठा करून पाहिला. दोन बोटांनी आणखी मोठा केला. फोन पर्समध्ये ठेवून ती उठली.

दारात ती थांबली. "त्या जाहिरातीत ते कुठे होतं? मी वीस वेळा पाहिली. मला सापडलं नाही."

"मान झटकता तिथे. अकरा फ्रेम."

"नाही दिसत," ती म्हणाली आणि गेली. आभार वगैरे तिने मानले नाहीत, काकूंची तशी अपेक्षाही नव्हती. ती गेल्यावर काकूंनी जावेला एवढंच सांगितलं की ही इथे आली होती हे कुणाला कळायचं नाही. फलकावरची मुलगी आपल्या खुर्चीत बसून गेली, हे जाऊ कुणापाशी बोलली नाही. काय कष्ट पडले असतील ते तिचं तिलाच माहीत. त्या मुलीला शाम्पूची जाहिरात पुन्हा मिळाली नाही. मी तिला एकदा घड्याळाच्या जाहिरातीत पाहिलं. केस मानेपर्यंत कापलेले होते. ते मर्जीने की औषधापायी, हे मला माहीत नाही, आणि काकूंना विचारायचा धीर झाला नाही.

तीन महिने संपले त्या दिवशी काकू पर्यवेक्षकाकडे गेल्या. त्याला वाटलं पगाराचं काही असेल. त्या म्हणाल्या, "आपण माणसाला जेवढं जवळून बघतो तेवढं त्याच्या घरचेही बघत नाहीत. उद्या पुन्हा काही दिसलं तर काय करायचं ते लिहून ठेवा. मला बोलायची खुमखुमी नाही. पण काहीच करायचं नाही, असंही मला जमणार नाही."

पर्यवेक्षकाने आठवडा घेतला. वकिलाला विचारलं, मालकांशी वाद घातला. शेवटी कामाच्या नियमांत एक कलम आलं. दृश्यातल्या माणसाच्या अंगावर आजारासारखं काही दिसलं तर ते फक्त पर्यवेक्षकाला सांगायचं. त्याला योग्य वाटलं तर त्याने बंद पाकिटात चिठ्ठी घालून ते पाकीट थेट त्याच माणसाच्या हातात द्यायचं. मध्ये कुणी नाही. आपल्याला आधीच माहीत असल्यास क्षमस्व, असं चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत लिहायचं. ती ओळ काकूंनी घालायला लावली.

याला आता चार वर्षं झाली. कलम दोनदा वापरलं गेलं. पहिल्यांदा एका नर्तकाच्या खांद्यावरचा तीळ दोन शूटिंगच्या मधल्या काळात पसरलेला दिसला म्हणून. तो एका नव्या मुलीने पाहिला होता. त्या पाकिटाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. दुसऱ्यांदा एका वयस्क नटाची डावी पापणी एका प्रसंगात हळूहळू खाली येत गेलेली दिसली. समोर बसून ते कुणाला जाणवलं नसतं. काकूंना ओळीने फ्रेम बघताना जाणवलं. महिन्याभराने त्या नटाच्या मुलीचा फोन आला. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, ते आता घरी होते, आणि हे कुणाच्या लक्षात आलं ते तिला जाणून घ्यायचं होतं.

पर्यवेक्षक फोनवर हात ठेवून काकूंच्या टेबलापाशी आला. "सांगू का?"

"कलमात आहे का तसं?"

"नाही."

"मग नको," त्या म्हणाल्या. त्यांच्या पडद्यावर तेव्हा स्टेडियममधली गर्दी होती. मैदानाच्या कडेच्या जाहिराती बदलायच्या होत्या आणि त्यांच्यापुढून चाळीसेक माणसं हात हलवत येत-जात होती. तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाच्या टोपीची कापलेली कड दर चार फ्रेमनंतर किंचित थरथरत होती. चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्याजवळ वाकल्या आणि बघायला लागल्या, पुन्हा पहिल्या फ्रेमपासून.